सोळा इंच धुराडं

घरातलं धुराडं काढायला किती खर्च येतो, असं लोक मला अजूनही विचारतात. गिलाव्याचं काम सोडून मला आठ वर्षं झाली, गुडघे कामातून गेले, तरी दुधाच्या रांगेत कोणी ना कोणी गाठतोच. मी आकडा सांगतो. त्यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘एवढे? चार विटा तर काढायच्यात.’ तेव्हा मला विल्फ पिकप आठवतो आणि माझं डोकं फिरतं.

आमच्या नेल्सनमध्ये, उत्तरेकडच्या त्या इंग्रजी गिरणीगावात, बॅसिल स्ट्रीटवर, घरं एकाला एक चिकटून आहेत. दोन घरांमध्ये भिंत एकच, आणि त्या भिंतीच्या दोन्ही अंगांना पाठीला पाठ लावून दोघांची धुराडी. खाली शेगडी, तिच्यामागून विटांचा मोठा फुगवटा भिंतीतून पुढे आलेला. तो तसाच वरच्या खोलीतून, माळ्यातून छपराबाहेर जातो. धंद्यात त्याला धुराड्याची छाती म्हणतात. मला ते पोटच वाटत आलंय. खालचं पोट कापलं की वरची दोन टन वीट हवेत लोंबकळते, हे मात्र दुधाच्या रांगेतल्या कोणाच्या डोक्यात येत नाही.

विल्फ आमच्या गल्लीतला. तिथे शेजारचे सगळे काका आणि मावशा, म्हणून तो विल्फकाका. गिरणीत मागांची दुरुस्ती करायचा. एकेका माणसाकडे शंभर माग असत, आणि विणकर बाया त्याच्या नावाने ओरडत असत, कारण माग बंद म्हणजे मजुरी बंद. त्या ओरडण्याचा आवाज कोणाला येत नसे. शेडमध्ये इतका गदारोळ, की बाया एकमेकींशी ओठांनीच बोलायच्या. विल्फचे कान तिथेच गेले. एनिडमावशी, त्याची बायको, त्याच शेडमध्ये सहा माग चालवायची. तिच्या छातीत गिरणीचा कापूस भरला.

शेजारच्या घरात अ‍ॅलिस ग्रीनहाल्श. तीही विणकर. एनिडची मैत्रीण म्हणजे शाळेपासूनची, आणि लग्न होऊन दोघी एका भिंतीच्या दोन बाजूंना आल्या तेव्हा दोघींना केवढा आनंद झाला होता, हे माझी आई सांगायची.

विल्फ मात्र अ‍ॅलिसशी बोलत नसे. बावीस वर्षं बोलला नव्हता. तिच्या नवऱ्याने, क्लिफर्डने, एकदा काजळी काढणाऱ्या माणसाचे पैसे वाचवायला पेटता कागद धुराड्यात सोडला होता. काजळी जळून जाते, तेव्हा खूप जण तसं करायचे. त्या दिवशी वारा होता. ठिणग्या उडून विल्फच्या परसात कबुतरांच्या खुराड्यावर पडल्या. नऊ कबुतरं गेली. शर्यतीची होती, त्यातल्या एकाने फ्रान्समधून घर गाठलेलं. क्लिफर्ड माफी मागायला आला, विल्फने दार उघडलं नाही. पुढे क्लिफर्ड मेला. त्यालाही नऊ वर्षं झाली, तरी विल्फचा अबोला चालूच. बायका मात्र रोज एकीच्या नाहीतर दुसरीच्या घरी चहा प्यायच्या, आणि विल्फ तेवढा वेळ परसात जाऊन बसायचा. हट्टी माणूस. त्याला तोंडावर हट्टी म्हटलं तर खूश व्हायचा.

अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत एनिडमावशीला इस्पितळात नेलं. दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी विल्फला बाजूला घेऊन सांगितलं, सहा आठवडे, फार तर आठ. ती म्हणाली, ‘मला घरी जायचंय.’ एवढं एकच मागणं होतं तिचं.

जिना चढणं तिला शक्य नव्हतं. खाट खाली, पुढच्या खोलीत लावायची. इस्पितळाची खाट, दोन्ही बाजूंनी उचलायला माणसं उभी राहतील एवढी जागा, शिवाय प्राणवायूचं यंत्र. नर्स घरी येऊन टेपने मोजून गेली आणि म्हणाली, ‘मिस्टर पिकप, जमत नाही. हे धुराडं नसतं तर जमलं असतं.’ धुराड्याचं पोट भिंतीपासून सोळा इंच पुढे आलेलं होतं. एनिड घरी यायची की नाही, ते सोळा इंचांवर अडलं.

विल्फने मला फोन केला. मी गेलो, बघितलं, पहिल्यांदा नाहीच म्हटलं.

“काका, ही दोन दिवसांची गोष्ट नाही. वरच्याला आधार लागतो.”

“मग आधार दे.”

“मी गिलावेवाला. आधार इंजिनिअर देतो. तो हिशेब करून कागद देणार, तो कागद कौन्सिलला जाणार, कौन्सिलचा माणूस येऊन बघणार.”

“गिरणीत दहा हजार वेळा अवजड माग हलवलाय मी, रॉय. कागदाशिवाय.”

“आणि किती वेळा पायावर पडला?”

“दोनदा,” तो म्हणाला, आणि हसला. त्या घरात त्याला हसताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

खर्च मी त्याला पाकिटाच्या पाठीवर लिहून दिला. इंजिनिअरचे एकशे चाळीस पौंड. कौन्सिलची फी नव्वद आणि वर काही. गॅसची शेगडी तोडून नळी बंद करणाऱ्याचे पस्तीस. विल्फला आधारासाठी भिंतीला मारायचे लोखंडी कोन हवे होते, स्वस्त पडतात. आमच्यात त्यांना फाशीचे कोन म्हणतात, तशाच आकाराचे असतात. इंजिनिअरने भिंत ठोकून बघितली आणि मान हलवली. सामाईक भिंत बारीक, तिच्यावर कोन टांगणार नाही, आडवी लोखंडी तुळईच घाला म्हणाला. तुळई आणि ती बसवणारे दोघे मिळून साडेचारशे. राडारोडा न्यायचा डबा ऐंशी. माझ्या गिलाव्याचं मी काही लिहिलं नाही, तर त्याने पाकीट परत सरकवलं.

“तुझा आकडा लिही.”

“एनिडमावशीने मला लहानपणी आल्याचा पार्किन केक खायला घातलाय. त्यातून कापून घ्या.”

पैसे त्याने कुठून आणले ते नंतर कळलं. आमच्याकडे जुने लोक अंत्यविधीसाठी आठवड्याला थोडे थोडे विम्यात भरतात. त्याने स्वतःचा विमा मोडला. तिचा ठेवला.

राहिला एक कागद. नवा कायदा झाला होता: सामाईक भिंतीला हात लावायचा तर शेजाऱ्याला लेखी नोटीस, काम सुरू करायच्या दोन महिने आधी. शेजाऱ्याने सही करून होकार दिला तर थांबायची गरज नाही, दुसऱ्या दिवशी हातोडा उचला. म्हणजे त्याला दहा पावलं चालत जाऊन अ‍ॅलिसची सही आणायची होती. तिने चहाचा कप खाली न ठेवताच सही केली असती.

“मी नेऊ का कागद?” मी विचारलं.

“माझं मी बघतो.”

कागद त्याने शेगडीवरच्या फळीवर, घड्याळामागे ठेवला. मी पुन्हा विचारलं नाही. त्या दिवशी मी तो कागद उचलून खिशात घालायला हवा होता. याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही.

टेकू लावणारे आणि तुळईवाले सोमवारी येणार होते. विल्फला दम धरवला नाही. शनिवारी सकाळी त्याने ठरवलं, ज्याच्यावर भार नाही तेवढं तरी काढून ठेवावं. शेगडीच्या पिवळट फरशा, तिच्या मागच्या भाजलेल्या विटा. हे चूक नव्हतं, त्या विटांवर खरंच काही उभं नसतं. त्याने छिन्नी लावली आणि शेगडीच्या पाठीवर हातोडा चालवायला लागला. वय चौऱ्याहत्तर. तीन घाव, मग दम. पुन्हा तीन घाव, मग दम. कोळसा फोडायचा तेव्हाही असाच फोडायचा, सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

अकराच्या सुमाराला मी मापं घ्यायला मागच्या गल्लीतून आलो. आदल्या रात्रीपासून फरसबंदीवर बर्फाचा पापुद्रा होता. विल्फच्या परसाच्या फाटकात अ‍ॅलिस पडली होती. पायात घरातल्या सपाता, अंगावर कामाचा झगा. एक पाय भलत्याच बाजूला वळलेला. ओठ निळे पडले होते. आतून हातोड्याचा आवाज येत होता.

मी कोट काढून तिच्यावर घातला. तिने माझी बाही धरली.

“पोरा, माझं राहू दे. आधी आत जा. एनिड बोलावतेय.”

“मावशी, एनिडमावशी इस्पितळात आहे.”

“घरी आणलीय तिला. तीन वाजवतेय कधीची. ऐक ना.”

मी ऐकलं. तीन घाव. मग शांत. मग तीन.

त्या दोघींची एक खूण होती, आणि ती मला तिथे बर्फावर कळली. पाठीला पाठ लावलेल्या शेगड्या; एकीने निखारे ढोसायच्या सळईने मागच्या विटेवर ठोकलं की दुसरीला नीट ऐकू जायचं. एक ठोका म्हणजे चहा ठेवलाय. दोन म्हणजे उठलेय, बरी आहे. तीन म्हणजे असशील तशी ये. एनिडकडे गॅसची शेगडी येऊन वीस वर्षं झाली तरी ती सळई तिने जपून ठेवली होती, ती याच्यासाठी. चाळीस वर्षांत तीन ठोके दोनदा की तीनदा वाजले होते. क्लिफर्ड गेला त्या सकाळी अ‍ॅलिसने वाजवले होते. विल्फला यातलं काही माहीत नव्हतं. त्याला ऐकू येत नसे, आणि जे थोडं यायचं ते म्हातारी कोळसा ढोसतेय असं तो समजायचा.

एनिड लवकरच घरी येणार, एवढं अ‍ॅलिसला कळलं होतं. धुराडं काढायचंय, हे तिला कोणीच सांगितलं नव्हतं. ते सांगणारा कागद घड्याळामागे होता.

ती दीड तास तिथे पडून होती. ओरडली होती, पण आत कोणाला ऐकू जाणार? मी दार ढकलून आत गेलो तेव्हा विल्फ काजळीने काळा झालेला, गुडघ्यांवर बसला होता. मी त्याच्या हातातला हातोडा हिसकावून घेतला, तीन ठोक्यांचं सांगितलं आणि नको नको ते बोललो. तो माझ्या ओठांकडे बघत राहिला. मग उठला, परसात गेला आणि अ‍ॅलिसला बघून फाटकाला धरून उभा राहिला. रुग्णवाहिका येईपर्यंत त्याने तिचे पाय आपल्या मांडीवर घेतले होते.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. एकाच इस्पितळात, एनिड वरच्या मजल्यावर आणि अ‍ॅलिस खालच्या. एनिडला सांगायचं नाही असं विल्फने ठरवलं. डॉक्टर म्हणाले होते, धक्का नको.

मंगळवारी तो अ‍ॅलिसकडे गेला. मला बरोबर चल म्हणाला. एकट्याने जायचा धीर नव्हता. खिशात नोटीस होती. खाटेजवळ उभा राहून त्याने ती तिच्या पांघरुणावर ठेवली, जशी काही तपासणीला आणलेली वही.

“हे आधी द्यायला हवं होतं,” तो म्हणाला. बावीस वर्षांनंतरचं पहिलं वाक्य.

अ‍ॅलिसने चष्मा लावून सगळं वाचलं. “एनिडची खाट लावायला?”

“हो.”

“डोकं कोणत्या बाजूला येणार?”

“तुझ्या भिंतीला.”

“मग बरं झालं. जवळ येईल.” तिने पेन मागितलं, सही केली. मग म्हणाली, “क्लिफ त्या दिवशी रडला होता, विल्फ. तुझ्या पाखरांसाठी. तू दार उघडलं असतंस तर दिसलं असतं.”

विल्फने मान खाली घातली. “चुकलं माझं,” तो म्हणाला. कशाबद्दल ते सांगितलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही.

कामाला मग खोटी झाली नाही. सोमवारीच टेकू लागले होते, गुरुवारपर्यंत तुळई चढली, कौन्सिलचा माणूस येऊन टॉर्च मारून गेला. खालचं पोट उतरवलं तेव्हा शंभर वर्षांची काजळी निघाली, पोतीच्या पोती. पडदे, जिना, वरची अंथरुणं, विल्फच्या चहात काजळी. लोक विटांचा खर्च धरतात, काजळीचा धरत नाहीत.

मी त्याला म्हटलं, त्या भिंतीवर आतून जाड तक्ते लावू, ऊब देणारे, आवाज अडवणारे. मावशीला थंडी बाधेल. तो टेप घेऊन आला. तक्ते लावले तर अडीच इंच जाणार होते. खाट, नर्स, यंत्र, सगळं धरून खोलीत दीड इंच शिल्लक होता. म्हणून विटेवरच थेट गिलावा केला. जुन्या धुराड्याच्या विटेतून तपकिरी डाग बाहेर येतो, ते अडवायला आधी चुना-सिमेंटचा थर दिला, मग वरचा. आठ दिवस रात्रंदिवस हीटर लावून ती भिंत मी वाळवली. माझ्या आयुष्यातला सगळ्यात सपाट गिलावा असेल तो.

तो वाळत होता तेव्हा, नऊ फेब्रुवारीला, अ‍ॅलिस गेली. छातीत पाणी झालं. म्हाताऱ्या माणसाचं खुब्याचं हाड मोडलं की खूपदा तसंच होतं, असं डॉक्टर म्हणाले. ते त्यांनी विल्फला धीर द्यायला सांगितलं असावं. त्याला धीरबीर काही आला नाही. अंत्यविधीला तो चर्चच्या शेवटच्या बाकावर बसला आणि प्रार्थना संपायच्या आधी उठून गेला.

सतराला एनिड घरी आली. खाट बसली. नर्स दोन्ही बाजूंनी फिरली, टेप काढायची गरज पडली नाही. एनिडने खोलीभर नजर फिरवली आणि धापा टाकत म्हणाली, “शेगडी कुठे टाकलीस रे? केवढी मोठी झाली खोली. नाचायला लाव आता.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तिने सळई मागितली. विल्फने ती राडारोड्यात जाऊ दिली नव्हती, हे नशीब. तिने पडल्या पडल्या हात मागे करून भिंतीवर दोन ठोके दिले. माझ्या गिलाव्याची खपली उडाली. ती कान देऊन पडून राहिली. पलीकडून काही आलं नाही.

“झोपली असेल,” विल्फ म्हणाला.

“अ‍ॅलिस? आठपर्यंत?”

तो मला दुपारी दुकानात गाठून म्हणाला, “रॉय, दोन म्हणजे काय?” मी सांगितलं. तीन म्हणजे काय, तेही सांगितलं. ते त्याने त्या शनिवारी माझ्याकडून ऐकलंच होतं, तरी पुन्हा ऐकून घेतलं.

अ‍ॅलिसच्या घराची किल्ली एनिडच्या फडताळात खिळ्याला होती. बायकांनी एकमेकींच्या किल्ल्या ठेवल्या होत्या. घर रिकामं करायला अ‍ॅलिसचा पुतण्या ईस्टरनंतर येणार होता. दुसऱ्या दिवसापासून विल्फ सकाळी आठला ‘पाव आणतो’ म्हणून मागच्या दाराने निघायचा, शेजारच्या थंडगार घरात शिरायचा आणि अ‍ॅलिसच्या सळईने तिच्या विझलेल्या शेगडीच्या पाठीवर दोन ठोके द्यायचा. मग तळहात विटेवर ठेवून उभा राहायचा. कानाने ऐकू येत नसे, पण हाताला कळायचं. पलीकडून दोन आले की पाव घ्यायला जायचा. त्यांच्याकडे इतका पाव साचला की नर्स घरी न्यायला लागली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात भिंतीवर एक तपकिरी डाग आला, मी तो बघायला सकाळीच गेलो. विल्फ नुकताच ‘पावाला’ गेला होता. मी डाग खरवडत होतो. भिंतीतून दोन ठोके आले, अगदी स्पष्ट, माझ्या थापीला जाणवले. एनिडने सळई उचलली, दोनदा ठोकली आणि ती पांघरुणावर ठेवली.

“अ‍ॅलिस इतकं जोरात कधीच वाजवायची नाही,” ती म्हणाली.

माझे हात थांबले.

“घाबरू नकोस, रॉय. वॉर्डच्या त्या टोकाला दोन नर्सा बोलत होत्या. त्यांना वाटलं इतक्या लांबून म्हातारीला काय कळतंय. चाळीस वर्षं ओठ वाचलेत मी.” तिने श्वास जमवला. “पडली कुठे, तेही म्हणाल्या. फाटकात. आणि तो हातोडा कसा चालवतो ते मला माहीत आहे. तीन आणि दम.”

“मावशी...”

“त्याला सांगशील तर बघ. पहिल्या सकाळी ठोकलं तेही मला काही माहीत नाही असं त्याला वाटावं म्हणून. माझी मैत्रीण गेली आणि मी नीट रडलेसुद्धा नाही, कारण रडले तर त्याला कळेल. तो तिकडे गारठ्यात उभा असतो. मी उत्तर नाही दिलं तर तिथेच उभा राहील, गाढव.”

ती रडली, थोडीशीच, कारण रडायलाही दम लागतो. मी तिला पाणी दिलं. डाग तसाच राहिला.

आणखी सहा दिवस गेले असतील. विल्फ मला म्हणाला, अ‍ॅलिसच्या शेगडीमागची एक वीट हलायला लागलीय, रोज ठोकून. पुतण्या यायच्या आत बसवून दे. सकाळी पावणेआठला मी त्याच्याबरोबर तिथे गेलो. नर्स एनिडला धुवून पुसून नुकतीच गेली होती. अ‍ॅलिसच्या टेबलावर तिचा कप तसाच पालथा. विल्फने आठ वाजायची वाट बघितली, सळई उचलली, दोन ठोके दिले आणि तळहात विटेवर टेकला. मी शेजारी गुडघ्यांवर, हातात ओला मसाला.

उत्तर आलं. एक. दोन. मग थोडं थांबून, अगदी हलका, तिसरा.

विल्फने माझ्याकडे पाहिलं. “तीन?”

“तीन.”

त्याचा हात भिंतीवरून निघेना. “ती अ‍ॅलिसला बोलावतेय,” तो म्हणाला. “आता मी काय करू, रॉय? ती अ‍ॅलिसची वाट बघणार.”

वचन मोडायचं की नाही, असा विचार करायला वेळ नव्हता. “काका, तिला सगळं ठाऊक आहे. पहिल्यापासून. ती तुम्हाला बोलावतेय.”

त्याने मला ढकललंच. मागच्या गल्लीत त्या दिवशी बर्फ नव्हता, नुसती ओल होती. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस फाटकातून कसा वळला ते मी बघितलं, आणि तो पडला नाही. मी मागोमाग गेलो, पण दारातच थांबलो. आत तो तिच्या उशाशी, जिथे पूर्वी शेगडी होती तिथे, त्या सोळा इंचांत बसला होता. कान जाऊ दे, ती आता नुसते ओठ हलवत होती आणि तो वाचत होता. लग्नाला एक्कावन्न वर्षं झाली होती. अर्ध्या तासाने ती गेली.

काय म्हणाली ते त्याने सांगितलं नाही. मीही कधी विचारलं नाही.

विल्फ त्या घरात पुढे सात वर्षं राहिला. इस्पितळाने खाट नेली, यंत्र नेलं. खोलीत काहीच आणलं नाही त्याने. भिंतीवरचा डाग वाढून धुराड्याच्या आकाराचा झाला. मी चारदा म्हटलं, काढून देतो. ‘असू दे,’ म्हणाला. जेवायला माझ्याकडे रविवारी यायचा, कधी जोराचं हसू आलं तर लगेच खिडकीबाहेर बघायचा.

अ‍ॅलिसच्या घरात नंतर एक तरुण जोडपं आलं. दोन हजार तीन साली त्यांनाही धुराडं काढायचं होतं, टीव्हीसाठी जागा हवी होती. मुलगा शिकलेला, नियमाने वागणारा. नोटीस घेऊन रीतसर विल्फच्या दारात आला. मी तेव्हा तिथे चहा पीत होतो. विल्फने कागद वाचला, उभ्या उभ्या सही केली.

“विटा तू स्वतः काढणार?” त्याने विचारलं.

“खालच्या मागच्या तेवढ्या. पैसे वाचतील.”

“सुरू करशील त्या दिवशी आधी येऊन मला सांग.”

“हो, नक्की.”

“आणि हातोडा मारशील तेव्हा तीन मारून थांबू नकोस. चार मार, पाच मार. दम लागला तरी तीनवर थांबायचं नाही.”

मुलाने मान डोलावली. जाताना फाटकात त्याने मला हळूच विचारलं, तीनचं काय आहे, विटा सैल होतात का?

मी म्हटलं, होय, विटांचंच आहे.